सवलतीची मेंबरशिप: बडोद्यातल्या छोट्या जिमला कधी फळते, कधी नडते

नवरात्र जवळ आली की बडोद्यात दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत ऑफरचे बोर्ड लागतात: तीन महिने भरा, तीन महिने फुकट. गरब्याआधी पोट उतरवायची घाई सगळ्यांनाच असते.

या शहराला व्यायाम नवा नाही. खंडेराव महाराजांना कुस्तीचा नाद होता, सयाजीरावांच्या काळात प्रो. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिर नावारूपाला आणलं. तालमीला गिऱ्हाईक नसायचं, शागीर्द असायचा. पुढे मशीन, एसी, भाडं आणि बँकेचे हप्ते आले, आणि रिकामी जागा मालकाला सलू लागली.

नेमकं तेच हेरून 2008 मध्ये शिकागोत ग्रुपॉन सुरू झालं: धंद्यांच्या सवलतीची कुपनं, म्हणजे डील्स, ऑनलाइन विकायची आणि त्यात आपला वाटा घ्यायचा. आपल्याकडे 2010 मध्ये स्नॅपडीलनेही सुरुवात अशाच डील्सनी केली. गणित कडक होतं. समजा महिन्याची फी 1500. डीलमध्ये ती 750 झाली आणि त्यातले निम्मे कंपनीने घेतले, तर मालकाच्या हाती 375. राईस विद्यापीठाच्या उत्पल धोलाकियांनी 2010 मध्ये 150 व्यवसायांना विचारलं, तेव्हा 66 टक्क्यांना डील फायद्याची ठरली होती, 32 टक्क्यांना तोट्याची.

जिमच्या बाबतीत हा निकाल घड्याळावर ठरतो, असं मला वाटतं. दुपारी बारा ते चार ट्रेडमिल तशीही उभीच असते. तेव्हा आलेले 375 जवळपास निव्वळ मिळकत. पण सकाळी साडेसहाला बेंचपाशी पाच वर्षांचा जुना मेंबर ताटकळतो आणि निम्म्या पैशांत आलेला नवखा सेट मारत बसतो, तेव्हा जातो तो जुनाच. आणि तो भांडत नाही, पुढच्या महिन्यात फी भरायला येत नाही, एवढंच.

पैसे भरून न येणाऱ्यांवर धंदा चालतो, असंही म्हणतात. डेलाविन्या आणि माल्मेंडियर यांच्या 2006 च्या अमेरिकी अभ्यासात महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे सरासरी 4.3 वेळाच जिमला जात होते. पण तिथे मेंबरशिप आपोआप पुढे चालू राहायची. आपल्याकडच्या छोट्या जिममध्ये बहुतेकदा काउंटरवर येऊन पुन्हा पैसे द्यावे लागतात. जो फिरकलाच नाही तो कशाला देईल? म्हणून डील द्यायचीच तर दुपारच्या बॅचला, मोजक्या नव्या लोकांना द्यावी, आणि पहिले पंधरा दिवस ट्रेनरने त्यांच्याकडे जातीने लक्ष द्यावं.