मुक्त पाठ्यपुस्तके : परवाना आणि अर्थव्यवहार

मुक्त पाठ्यपुस्तक म्हणजे वाचणे, प्रती काढणे, वाटणे व फेरफार करून पुन्हा प्रसिद्ध करणे यांची आगाऊ परवानगी प्रताधिकारधारकाने (कॉपीराइटधारकाने) जाहीर परवान्याद्वारे सर्वांना दिलेले पाठ्यपुस्तक. नुसते विनामूल्य मिळणारे पुस्तक या व्याख्येत बसत नाही. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ कोणालाही उतरवून घेता येतात. पण श्रेयपानावर सर्व हक्क मंडळाकडे राखीव असल्याचे आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याचे छापलेले असते. उलट, पवईच्या आयआयटीतील स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प आणि २०१३ मध्ये सुरू झालेले एनसीईआरटीचे मुक्त शैक्षणिक संसाधनांचे राष्ट्रीय भांडार क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या तयार मुक्त परवाने देणाऱ्या संस्थेचा ‘बाय-एसए’ परवाना (श्रेय द्या, बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली ठेवा) वापरतात. या भांडारामागील संगणकप्रणाली मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात घडली.

उगम : या पद्धतीचा आरंभ नेमका कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड वायली यांनी १९९८ मध्ये सॉफ्टवेअरेतर मजकुरासाठी केलेला ‘ओपन कंटेंट लायसन्स’ हा सामान्यतः पहिला टप्पा मानला जातो. मार्च २०००च्या सुमारास जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा मुक्त दस्तऐवज परवाना (जीएफडीएल) आला, डिसेंबर २००२ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा २००२ मध्येच युनेस्कोच्या पॅरिस येथील बैठकीत रूढ झाली. पाठ्यपुस्तकांपुरते बोलायचे तर जीएफडीएलचा दावा अधिक बळकट दिसतो, कारण त्याच्या प्रास्ताविकातच पाठ्यपुस्तकाचा नावानिशी उल्लेख आहे. शिवाय शंभरपेक्षा अधिक प्रती वाटणाऱ्याने संपादनयोग्य प्रतही उपलब्ध करून द्यावी अशी अट त्यात होती. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत ही अट नाही, आणि ती नसल्याची झळ आज मराठी पुस्तकांना बसते (पुढे पहा). जीएफडीएल मागे पडला तो त्याच्या अवजडपणामुळे : प्रत्येक प्रतीसोबत परवान्याची संपूर्ण संहिता द्यावी लागे, त्यामुळे चार पानी टिपणाला कित्येक पानांचे शेपूट लागत असे. विकिपीडियाने २००९ मध्ये बाय-एसए परवाना स्वीकारल्यावर जीएफडीएलचा वापर आणखी आटला.

गांधीजींच्या हिंद स्वराज्यच्या १९१० मधील इंग्रजी आवृत्तीवर ‘कोणतेही हक्क राखीव नाहीत’ अशा अर्थाचे वाक्य होते. ते भारतीय पूर्वउदाहरण म्हणून अधूनमधून पुढे केले जाते. मात्र ते हक्क सोडून देणे झाले. मुक्त परवान्यात हक्क राखून त्यांच्या बळावर अटी घातल्या जातात. भारतीय प्रताधिकार कायद्यात हक्कत्यागासाठी कलम २१ ही स्वतंत्र तरतूद आहे. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातील मुंबईच्या ‘नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी’ या शालेय पुस्तके काढणाऱ्या संस्थेशी परवान्यांचा सांधा जोडणे ओढूनताणून होईल, परंतु पहिली प्रत सिद्ध करण्याचा खर्च सरकारने व देणगीदारांनी उचलायचा, हा अर्थव्यवहार मात्र या शहराला तेव्हापासून परिचित आहे.

कायदेशीर बाजू : प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो. २०१२च्या दुरुस्तीपूर्वी त्यावर सहीही आवश्यक होती, त्यामुळे संकेतस्थळावर जाहीर केलेल्या परवान्याच्या वैधतेबद्दल शंका घेतली जाई. सहीची अट आता उरलेली नाही.

प्रत्यक्षात घोटाळा होतो तो परवान्यात नव्हे, त्याआधीच्या लेखक-प्रकाशक करारात. कलम १९(५) प्रमाणे करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कलम १९(६) प्रमाणे प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. कलम १९(४) प्रमाणे हस्तांतरित हक्क वर्षभरात वापरले नाहीत आणि करारात वेगळे काही म्हटले नसेल, तर ते हस्तांतरण संपते. कलम ३०(अ) मुळे हे कलम परवान्यांनाही लागू आहे. म्हणजे ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे’ एवढीच ओळ असलेल्या करारावर प्रकाशकाने जगभरासाठी आणि प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी सीसी परवाना जाहीर केला, तर जे हाती नाही तेच तो वाटत असतो. म्हणून लेखक, अनुवादक, चित्रकार आणि मुखपृष्ठकार या प्रत्येकाकडून मुदत (प्रताधिकाराची संपूर्ण मुदत), प्रदेश (संपूर्ण जग), माध्यमे आणि परवान्याचे नाव व आवृत्तिक्रमांक लिहून घ्यावेत. चित्रकाराला ठोक मानधन दिले की चित्र आपले झाले, ही समजूत मुंबईच्या प्रकाशनव्यवसायात घट्ट रुजलेली आहे. चित्रकार पगारी नोकर नसेल तर तिच्यावर विसंबून पुस्तक मुक्त करू नये.

भाषाविषयाच्या पुस्तकात उतारे आणि कवितांचा वेगळा पेच असतो. कलम ५२(१)(एच) मुख्यतः प्रताधिकारमुक्त मजकुराच्या शैक्षणिक संग्रहात छोटे उतारे घेण्यास सवलत देते. एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनपेक्षा अधिक उतारे घेऊ नयेत, अशी मर्यादा आहे. ही सवलत प्रकाशकापुरती असते. परवान्याच्या वाटेने ती पुढच्या माणसाला देता येत नाही. त्यामुळे असा उतारा ‘परवान्याबाहेर’ म्हणून जागच्या जागी दाखवावा किंवा मुदत संपलेले साहित्य निवडावे. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये वारल्या, त्या हिशेबाने २०११ची अखेर येते. पण त्यांचा संग्रह १९५२ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाला आणि मरणोत्तर साहित्याची मुदत कलम २४ प्रमाणे प्रसिद्धीपासून धरली जाते, म्हणून २०१२ची अखेर. कुसुमाग्रजांच्या (मृत्यू १९९९) कवितांसाठी २०५९ संपेपर्यंत परवानगी घ्यावी लागेल.

परवान्याची निवड : चर्चा मुख्यतः तीन पर्यायांभोवती फिरते. ‘बाय’मध्ये फक्त श्रेय द्यावे लागते. ‘बाय-एसए’मध्ये बदललेली आवृत्तीही त्याच परवान्याखाली ठेवावी लागते. ‘एनसी’ जोडल्यास व्यापारी वापर वर्ज्य ठरतो. नव्या प्रकाशकाला एनसी सुरक्षित वाटतो. आपण फुकट दिलेले दुसऱ्याने विकू नये ही भावना समजण्यासारखी आहे. पण मुंबईत पुस्तक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ते कॉलेजच्या दारातल्या झेरॉक्सवाल्याकडून आणि छोट्या छापखान्यांकडून, आणि एनसीमुळे नेमके तेच बिचकतात. अमेरिकेत ग्रेट माइंड्स या संस्थेने एनसी पुस्तकांच्या प्रती काढणाऱ्या फेडेक्स ऑफिसवर भरलेला दावा २०१८ मध्ये अपिलातही टिकला नाही. शाळेच्या सांगण्यावरून प्रती काढणारे दुकान शाळेच्याच परवान्याचा लाभ घेते, असा न्यायालयाचा रोख होता. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्यातील (पुस्तकांतील भागांच्या प्रती काढणाऱ्या दुकानावर प्रकाशकांनी भरलेला दावा) २०१६चे निकाल कलम ५२(१)(आय) मधील अध्यापनाच्या अपवादावर आधारलेले आहेत, परवान्यावर नव्हे. त्यामुळे एनसीच्या बाबतीत त्यांचा आधार तोकडा पडतो. शिवाय बाय-एसए आणि बाय-एनसी-एसए परवान्यांखालील मजकूर एकमेकांत मिसळून एक नवे पुस्तक करता येत नाही. विकिपीडियावरील आकृती एनसी पुस्तकात बदलून वापरणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. एकंदरीत पाठ्यपुस्तकासाठी बाय-एसए अधिक सोयीचा ठरतो. श्रेय देताना शीर्षक, कर्ता, मूळ ठिकाण आणि परवाना ही चारही अंगे हवीत. सीसी ४.० आवृत्तीत (२०१३) चूक कळल्यापासून तीस दिवसांत दुरुस्त केल्यास हक्क आपोआप परत मिळतात, ३.० मध्ये ही सोय नव्हती.

निर्मिती : मराठी पुस्तकाच्या मुक्तपणातला सर्वांत मोठा अडथळा टंकाचा आहे. जुन्या बिगर-युनिकोड टंकांतील मजकूर पानावर नीट दिसतो, पण पीडीएफमधून उचलला की निरर्थक चिन्हे हाती येतात. बदल करण्याची परवानगी असूनही बदल करता येत नाही. रूपांतरकांमुळे काम सोपे होते, तरी रफार पुढच्या-मागच्या अक्षरावर सरकतो आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘दऱ्या’चे ‘दर्या’ झाले तर शुद्धलेखन तपासनीस गप्प राहतो, कारण दोन्ही शब्द त्याच्या यादीत असतात. अशा जोड्यांची यादी करून मुद्रितशोधकाने त्या हाताने शोधाव्यात. नव्या पुस्तकासाठी टंकही मुक्त परवान्याचा घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंक ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. पीडीएफसोबत मूळ संपादनयोग्य फाइल, आकृत्यांच्या सुट्या फाइली आणि टंक एकत्र ठेवले तरच परवान्याला अर्थ येतो.

छपाईत फॉर्मचे (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटाचे) गणित आधी करावे. डेमी १/८ आकाराचे १६० पानी पुस्तक म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. २३ × ३६ इंची कागदाच्या एका तावात बत्तीस पाने बसतात, म्हणून हजार प्रतींना पाच हजार ताव, अर्थात दहा रीम (रीम म्हणजे पाचशे ताव) आणि वर नासधूस. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागदाचे एक रीम सुमारे १८.७ किलो भरते. परवाना, श्रेये आणि चित्रसूची यांना दोन ते चार पाने लागतात. ती शेवटी आठवली की पुस्तक १६३ पानांचे होते आणि तीन पानांसाठी किमान आठ पानी अर्धा फॉर्म वाढवावा लागतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण म्हणूनच कागद आणि छपाईवर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. तो किमतीत धरावा.

अर्थव्यवहार : लेखन, चित्रे, संपादन, अक्षरजुळणी मिळून पहिल्या प्रतीला समजा तीन लाख रुपये आणि छपाईला प्रतीमागे साठ रुपये लागतात. हजार प्रती विकून सगळा खर्च काढायचा तर वितरकाची सूट धरण्याआधीच किंमत ३६० रुपये होते, दहा हजारांवर ९०. तीन लाख अन्य कोणी दिले तर दोन्ही वेळा ६०. म्हणून कोणत्याही प्रतिमानाला विचारण्याचा प्रश्न एकच : पहिल्या प्रतीचे पैसे कोण देतो, आणि अभ्यासक्रम बदलल्यावर दुसऱ्यांदा कोण देतो?

फ्लॅट वर्ल्ड नॉलेज या अमेरिकन कंपनीने हे पैसे ऑनलाइन वाचन मोफत ठेवून छापील व अन्य प्रतींच्या विक्रीतून काढण्याचा प्रयत्न केला. जानेवारी २०१३ पासून तिने मोफत वाचन बंद केले. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या पाठ्यपुस्तक-प्रकल्पाने (२०१२) पहिली प्रत प्रतिष्ठानांच्या अनुदानातून काढली आणि पुढचा काही भार गृहपाठ-प्रणाली विकणाऱ्या भागीदारांच्या शुल्कावर टाकला. दक्षिण आफ्रिकेच्या सियावुला या संस्थेने पुस्तके मोफत ठेवून सराव-सेवा विकली. तेथे छपाई सरकारने केली. प्रथम बुक्सचा स्टोरीवीव्हर हा मुक्त पुस्तकांचा मंच (२०१५) देणग्यांवर चालतो. पण ती गोष्टींची पुस्तके आहेत, अभ्यासक्रम बदलला म्हणून ती बाद होत नाहीत. पाठ्यपुस्तकाला तोच नमुना लावताना हा फरक विसरला जातो.

आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या प्रकल्पातील ‘टेक्स्टबुक कंपॅनियन’ हा आटोपशीर मार्ग आहे. प्रचलित पुस्तकातील सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅब या मुक्त गणिती सॉफ्टवेअरमधील प्रोग्रॅम विद्यार्थी व शिक्षक मानधन घेऊन लिहितात आणि ते विनामूल्य खुले होतात. मूळ पुस्तक मात्र विकत किंवा ग्रंथालयातूनच घ्यावे लागते. खर्च थोडा, पण प्रकाशकाने नव्या आवृत्तीत उदाहरणांचे क्रमांक बदलले की जुळणी बिघडते.

मुंबईतील छोट्या प्रकाशकाला यांतून झेपण्याजोगे मिश्रण असे : पहिल्या प्रतीचा खर्च संस्था, न्यास किंवा महाविद्यालयांचा गट यांच्याकडून लेखनापूर्वीच; छपाई पाचशे-हजारांच्या लहान आवृत्त्यांत; दुरुस्तीसाठी प्रत्येक छापील प्रतीमागे ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात. शेवटची बाब सर्रास वगळली जाते. अभ्यासक्रम बदलल्यावर बाजारातील पुस्तकाची नवी आवृत्ती दुकानात असते, तर मुक्त पुस्तकाचा अनुदानकाळ संपलेला असतो. किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकांच्या ठेल्यांशीही या पुस्तकांची स्पर्धा असते. तिथे अर्ध्या किमतीला घेतलेले पुस्तक वर्षअखेरीस परत विकता येते, ६० रुपयांच्या पुस्तकाला तशी परत-किंमत नाही.

नोंदणी : आयएसबीएन राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. पुस्तक-प्रदान अधिनियम, १९५४ प्रमाणे छापील पुस्तकाच्या प्रती प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयासह अन्य तीन ग्रंथालयांकडे स्वखर्चाने पोहोचवाव्या लागतात. फेरफार नसलेल्या पुनर्मुद्रणाला यातून सूट आहे. मुक्त परवान्याखाली दुसऱ्याने बदलून छापलेली आवृत्ती मात्र त्या दुसऱ्या प्रकाशकाने स्वतः जमा करायची असते.