परीक्षेत लेखनिक आणि भरपाईचा वेळ: कोणाला मिळतो, कोणते कागद लागतात, अर्ज कधी करायचा

दिव्यांग प्रमाणपत्र हातात आहे, म्हणजे रायटर (लेखनिक, आपण सांगू ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा) मिळालाच, ही समजूत दर सत्राला कोणाला ना कोणाला महागात पडते. प्रमाणपत्रावर दिव्यांगत्वाचा प्रकार असतो, टक्केवारी असते. हाताने लिहिता येत नाही, असे त्यावर लिहिलेले नसते. परीक्षा विभागाला नेमके तेच हवे असते आणि त्याचा कागद वेगळा आहे.

सुविधेचा पाया दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये लेखनिक आणि जादा (म्हणजेच भरपाईचा) वेळ देण्याची जबाबदारी सांगितली आहे. प्रत्यक्ष तपशील केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहेत. विद्यापीठांची परिपत्रके बहुतेक त्याच धर्तीवर असतात, पण अर्जाचा नमुना आणि मुदत प्रत्येकाची वेगळी. आपल्या विद्यापीठाचे ताजे परिपत्रक महाविद्यालयाच्या परीक्षा विभागातून मागून घ्यावे.

पात्रता

४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर २०१८ च्या सूचना लागू होतात. त्यातही दोन गट आहेत. अंधत्व, दोन्ही हात बाधित असलेले अस्थिव्यंग आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) या तिघांमध्ये विद्यार्थ्याने नुसती मागणी केली की लेखनिक द्यायचा, वेगळा दाखला मागायचा नाही. बाकी सगळ्यांना लिहिण्यात शारीरिक अडचण आहे आणि लेखनिकाशिवाय भागणार नाही, असा दाखला आणावा लागतो. त्याचा ठरलेला नमुना सूचनांच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा सरकारी रुग्णालयाचे वैद्यकीय अधीक्षक यांची सही चालते. खाजगी डॉक्टरांचे लेटरहेड चालत नाही, मग डॉक्टर कितीही नामांकित असोत.

४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर? पूर्वी इथेच दार बंद व्हायचे. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात ती अट चुकीची ठरवली. अर्जदाराला 'रायटर्स क्रॅम्प' होता, म्हणजे लिहायला घेतले की हाताचे स्नायू आखडायचे. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांखालील, पण लिहिण्यास अडचण असलेल्यांसाठी स्वतंत्र सूचना आल्या. यात दाखला एका डॉक्टरचा चालत नाही, जिल्हास्तरावरील वैद्यकीय समितीचा लागतो. महाविद्यालयात 'चाळीसच्या आत असाल तर नाही' असे तोंडी उत्तर मिळाले, तर या तारखेचा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा.

लेखनिक नको, स्वतःच लिहायचे आहे, अशा ४० टक्के व त्यावरील विद्यार्थ्यालाही जादा वेळ आहेच. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे हमखास विसरले जाते.

कागदपत्रे

मुख्य कागद म्हणजे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) आणि त्यासोबतचे प्रमाणपत्र. अजून काढले नसेल तर स्वावलंबन कार्ड पोर्टलवर नोंदणी करायची. आधार, फोटो, सही आणि पत्त्याचा पुरावा अपलोड करून रुग्णालय निवडायचे, मिळालेला अर्ज क्रमांक जपून ठेवायचा आणि तपासणीच्या दिवशी जुने रिपोर्ट मूळ प्रतीत घेऊन जायचे. सिव्हिलमध्ये दिव्यांग बोर्डाचे, म्हणजे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाचे, वार ठरलेले असतात आणि प्रत्येक प्रकारचे तज्ज्ञ रोज नसतात. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) किंवा डोळ्यांची तपासणी असेल तर आधी चौकशी करावी, नाहीतर फेरी फुकट जाते. अर्ज सप्टेंबरात आणि परीक्षा ऑक्टोबरात, हे गणित जुळत नाही. बोर्डाकडून प्रमाणपत्र यायला काही महिनेही लागतात.

बोर्डासमोर बसलात त्याच दिवशी परिशिष्ट १ चा कोरा नमुना छापून सोबत ठेवा. त्यावर त्या त्या विषयाच्या तज्ज्ञाने तपासून लिहायचे असते: दृष्टिदोषासाठी नेत्रतज्ज्ञ, अस्थिव्यंगासाठी अस्थिरोगतज्ज्ञ. एकाच फेरीत दोन्ही कामे उरकतात. नमुना न नेता 'रायटरसाठी दाखला द्या' असे म्हटले, तर बरेचदा साध्या कागदावर दोन ओळी मिळतात आणि परीक्षा विभाग त्या परत करतो. दाखल्यात लिहिण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो असे स्पष्ट शब्द आहेत ना, हे तिथेच उभे राहून वाचावे.

डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेत एक खास मेख आहे. २०१८ च्या मूल्यांकन नियमांनुसार हे प्रमाणपत्र १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा घ्यावे लागते. १८ व्या वर्षी मिळते ते कायमचे. दहावीला चाललेला कागद पदवीच्या पहिल्या वर्षाला चालत नाही तो यामुळे, आणि नेमक्या त्याच वर्षी प्रवेशाच्या धावपळीत हे कोणाच्या लक्षात राहत नाही. 'तात्पुरते' लिहिलेल्या इतर प्रमाणपत्रांवरही वैधतेची तारीख असते. ती परीक्षेच्या शेवटच्या पेपरपर्यंत टिकते का ते पाहावे.

नावाचा घोळ वेगळाच. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, त्यामुळे यूडीआयडीवरही नाव आधी. माणूस वाचेल तर अडत नाही, पण आडनावाचे स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे असेल तर अडते. आधारमधली दुरुस्ती यूडीआयडीच्या अर्जाआधी करावी, नंतर दोन्हीकडे फेऱ्या माराव्या लागतात.

लेखनिक कोण चालतो

स्वतःचा लेखनिक आणायचा की परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागायचा, हे विद्यार्थ्याने ठरवायचे. स्वतःचा आणला तर त्याची शैक्षणिक पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवी, असे २०१८ च्या सूचना म्हणतात. पायरी म्हणजे वर्ग की पदवी, यावर दर केंद्रावर वाद रंगतो. टी.वाय.च्या विद्यार्थ्यासाठी एस.वाय.चा मुलगा एका केंद्रावर चालतो, दुसरीकडे नाही. वाद नको असेल तर पदवीच्या पेपरला अकरावी-बारावीत शिकणारा शोधावा, तोही शक्यतो दुसऱ्या शाखेचा. त्याचे ओळखपत्र, बोनाफाईड, शेवटची गुणपत्रिका आणि फोटो घेऊन परिशिष्ट २ मधले हमीपत्र भरायचे.

संस्थेने लेखनिक दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याचा हक्क आहे. तो जरूर वापरावा. मराठीच्या पेपरला अस्खलित लिहिणारा मुलगा अर्थशास्त्राच्या पेपरात 'सीमांत' आणि 'सरासरी' यांची अदलाबदल करतो, आणि ते परीक्षार्थीला दिसत नाही. वेगवेगळ्या विषयांना वेगळा लेखनिक घेता येतो, पण एका विषयाला एकच. गणित-संख्याशास्त्र असेल तर कंस कसा सांगायचा ते आधी ठरवा: 'कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, पूर्ण कंसाचा वर्ग'. नुसते 'एक्स अधिक दोनचा वर्ग' म्हटले की लेखनिक दोनचाच वर्ग करतो.

लेखनिक ऐन वेळी आजारी पडतो. राखीव नाव अर्जातच घालून ठेवा.

वेळेचा हिशेब

दर तासाला किमान २० मिनिटे. तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटे, दोन तासांच्या पेपरला ४०, अंतर्गत परीक्षेच्या एका तासाला २०. सूचनांमध्ये याला 'जादा' न म्हणता 'भरपाईचा' वेळ म्हटले आहे. शब्द मुद्दाम बदललेला आहे, कारण ही मेहेरबानी नव्हे. स्वतः लिहिणाऱ्यालाही तीन तासांच्या पेपरला किमान एक तास आहे.

प्रत्यक्षात गाडी अडते ती वेळापत्रकात. ११ ते २ चा पेपर या विद्यार्थ्यासाठी ३ वाजता संपतो. दोनला वर्गातल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात, पर्यवेक्षक दुसऱ्या सत्राच्या तयारीला लागतो आणि 'आता द्या पेपर' सुरू होते. म्हणून मंजुरीची प्रत केंद्रप्रमुखाकडे आधीच गेलेली असावी, आणि एक प्रत हॉल तिकिटासोबत आपल्याजवळ. बोलून लिहून घ्यायचे असल्याने वेगळी खोली हवी, आणि शक्यतो तळमजल्यावर. दोन्ही मागण्या अर्जातच लिहा.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, परीक्षा फॉर्म भरतानाच द्यावा. पोहोच घ्यावी: आवक क्रमांक, तारीख, शिक्का. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. आधी महाविद्यालयाचा तक्रार निवारण अधिकारी किंवा समान संधी कक्ष, मग विद्यापीठाचा परीक्षा विभाग, आणि तरीही हलले नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालय. चौकशीच्या कामात राज्य आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, त्यामुळे तिथून पत्र आले की फाइल सहसा हलते.

पुढे नोकरीच्या वेळी

हीच फाइल जपून ठेवा. सरकारी भरतीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे: दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग गटांना प्रत्येकी १ टक्का, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता मिळून १ टक्का. आरक्षण असले तरी ते पद आपल्या प्रकारासाठी 'सुनिश्चित' आहे का, ते जाहिरातीत पाहावे. 'ओए' म्हणजे एक हात, 'ओएल' एक पाय, 'एलव्ही' अल्पदृष्टी, 'एचएच' कमी ऐकू येणे. आपले अक्षर त्या रकान्यात नसेल तर फी भरण्याआधी थांबावे. स्पर्धा परीक्षांचे लेखनिकाचे नियम विद्यापीठापेक्षा कडक असतात, म्हणून विद्यापीठातला मित्र तिथेही चालेल असे धरून चालू नये.

खाजगी कंपनीत २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तर तिने समान संधी धोरण जाहीर करायचे असते आणि त्यात दिव्यांगांसाठीच्या सुविधा लिहायच्या असतात. ते धोरण एचआरकडे मागता येते. कॅम्पसच्या ऑनलाइन चाचणीत घड्याळ लिंक उघडली की सुरू होते, नंतर वेळ वाढवून मिळत नाही. भरपाईचा वेळ किंवा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) लागणार असेल तर प्लेसमेंट अधिकाऱ्यामार्फत ईमेल चाचणीच्या आधीच पाठवावा आणि सोबत यूडीआयडी प्रमाणपत्र व विद्यापीठाने दिलेली लेखनिक-मंजुरी जोडावी.