कळी उमलायच्या आत: आफ्रिकेच्या धबधब्यांतल्या वनस्पती ओळखण्यामागचा इतिहास

2018 मध्ये गिनी देशातल्या कोंकुरे नदीच्या एका धबधब्यावर डेनिस मोल्मू या तिथल्याच वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी खडकाला घट्ट चिकटलेली एक वनस्पती गोळा केली. ती नवी जात ठरली आणि मोल्मूबाईंच्याच नावावरून तिला 'सॅक्सिकोलेला डेनिसी' हे नाव मिळालं. पण ते नाव शास्त्रात रुजू होईपर्यंत जलविद्युत धरणाचं पाणी त्या धबधब्यावर चढलं होतं. दुसरीकडे कुठे ती सापडल्याची नोंद नाही. नाव मिळालं तेव्हाच ती नामशेष म्हणून जाहीर करावी लागली.

एक रोपटं ओळखायला एवढा वेळ का लागावा? याचं उत्तर शोधायला अडीचशे वर्षं मागे जावं लागतं.

या वनस्पतींचं कुल पोडोस्टेमेसी. जगभरात यांच्या सुमारे 300 जाती आहेत. पाण्यातच जगणाऱ्या सपुष्प वनस्पतींत याहून मोठं कुल नाही. संथ डोहात त्या सापडायच्या नाहीत. जिथे पाणी आदळतं, फेसाळतं आणि माणसाचा पाय ठरत नाही, अशा खडकांवर त्या वाढतात. मातीची त्यांना गरज नसते. मुळं हिरवी, कधी फितीसारखी लांब, तर कधी खडकावर पापुद्र्यासारखी पसरलेली असतात आणि सूर्यप्रकाशात अन्नही तयार करतात. पाणी भरलेलं असताना बघितलं तर कोणीही 'शेवाळ आहे' म्हणून पुढे जाईल. पाऊस संपून नदी उतरली आणि खडक उघडे पडले की काही दिवसांत त्यांना फुलं येतात, बोंडं धरतात आणि हिरवा भाग वाळून जातो. ओळख पटवण्याची संधी वर्षातून तेवढीच.

शेवाळाशी असलेलं हे साम्य जुन्या नावांतही उतरलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या एका जातीला 1844 मध्ये 'स्फेरोथायलॅक्स अल्जिफॉर्मिस' म्हटलं गेलं, म्हणजे शेवाळाच्या रूपाची. गंमत अशी की या कुलाचं रक्ताचं नातं आहे ते झाडांशी. डीएनए तपासल्यावर यांची जवळची भावंडं निघाली ती हायपेरिकम या वनस्पतीच्या कुलातली. त्याच मोठ्या गोतावळ्यात आपलं कोकम, उंडी आणि सुरंगी बसतात. सोलकढीतलं आमसूल आणि काँगोच्या धबधब्यातला हा हिरवा पापुद्रा यांचा पूर्वज एक, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटायचं विसरलो होतो.

शास्त्रात या कुलाची ओळख आधी अमेरिका खंडातून झाली. ओब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1775 मध्ये फ्रेंच गयानातल्या मोरेरा या प्रजातीचं (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) वर्णन केलं. 1803 मध्ये मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ग्रंथात उत्तर अमेरिकेतली 'पोडोस्टेमम' आली. ग्रीकमध्ये 'पोडो' म्हणजे पाय आणि 'स्टेमॉन' म्हणजे पुंकेसर. फुलातले दोन पुंकेसर एकाच दांडीवर इंग्रजी वाय अक्षरासारखे उभे असतात, त्यावरून हे नाव पडलं. म्हणजे कुलाचं नाव पडलं तेच फुलाच्या एका बारीक खुणेवरून.

आफ्रिकेच्या बाजूची सुरुवात मादागास्करपासून झाली. 1806 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ द्यु पती-थुआर यांनी तिथल्या वनस्पतींवरून 'ट्रिस्टिका' आणि 'हायड्रोस्टॅकिस' या प्रजाती मांडल्या. ट्रिस्टिका ओळखायला सोपी: तीन रांगांत बसलेली इवली पानं, फुलाला पाकळ्यांसारखी तीन परिदलं, एकच पुंकेसर. हायड्रोस्टॅकिसही तशाच धबधब्यांत राहते, म्हणून तिला बराच काळ याच मंडळींच्या जवळची मानत. तिची पिसांसारखी पानं आणि फुलांची ताठ कणसं बघता शंका यायला हवी होती, पण नातं निश्चित तुटलं ते डीएनएमुळेच. ती निघाली अगदी वेगळ्या गणातली, म्हणजे कुलांच्या वेगळ्याच मोठ्या गटातली. एकच प्रवाह सोसता सोसता परके लोक सारखे दिसू लागतात, ही या विषयातली पहिली अडचण.

यानंतर ज्यांनी कुलाचे मोठे आढावे घेतले, ते दोघेही दुसऱ्याच विषयांत नाव कमावलेले होते. 1852 मध्ये पूर्ण ग्रंथ लिहिणारे त्युलान हे बुरशींचे अभ्यासक. 1873 मध्ये नवा आढावा घेणारे वेडेल हे क्विनाइन देणाऱ्या सिंकोना झाडांचे जाणकार. वेल्विच यांनी अंगोलात गोळा केलेल्या नमुन्यावरून 'अँगोलिया' ही प्रजाती वेडेल यांनीच मांडली. त्यांच्यासमोर असायचे ते वाळून काळे पडलेले कागदी नमुने. पुढे डेन्मार्कच्या वार्मिंग यांनी 1881 पासून वीस वर्षं या झाडांच्या मुळा-खोडांची आणि फुलांची सूक्ष्म रेखाटनं केली. माझ्या मते खरी पायाभरणी तीच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंद्र बर्लिनकडे सरकलं. कॅमेरून तेव्हा जर्मन वसाहत होती आणि तिथून लेडरमान, विंकलर यांच्यासारखे संग्राहक नमुने पाठवत होते. बर्लिनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एंगलर यांनी त्यातून प्रजातींमागून प्रजाती उभ्या केल्या. 'लेडरमानिएला' आणि 'विंकलरेला' ही नावं त्या संग्राहकांवरूनच पडली. 'इन्व्हर्सोडिक्रीया' हे नाव मात्र एका खुणेवरून आहे आणि तिच्यापाशी जरा थांबायला हवं.

या कुलाच्या सर्वांत मोठ्या उपकुलात प्रत्येक कळी एका पातळ, बंद पिशवीत असते. तिला स्पॅथेला म्हणतात. पिशवी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. भिंगाखाली सुईने ती अलगद उभी फाडली की आत दोनपैकी एक चित्र दिसतं. सॅक्सिकोलेलात फूल सरळ उभं असतं, किंजल्क (परागकण झेलणारं टोक) वर. इन्व्हर्सोडिक्रीयात आणि लेडरमानिएलात फुलाचा देठ आतल्या आत दुमडलेला असतो आणि फूल डोकं खाली करून बसलेलं असतं. 'इन्व्हर्सो' म्हणजे उलटी, ती याच अर्थाने. पाणी उतरलं की पिशवी फाटते, देठ सरळ होतो आणि फूल वर येतं. उमललेलं फूल मग दोन्हींकडे सारखंच उभं. संग्राहकाने फक्त छान उमललेली फुलं उचलली आणि बंद कळ्या खडकावरच राहू दिल्या, तर प्रजाती ठरवणारी मोठी खूण हातातून गेली. जुन्या संग्रहांत अशी अर्धवट पाकिटं असतात आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं वाद चालतात.

कळीनंतर पाळी किंजपुटाची, म्हणजे फुलातल्या बी धरणाऱ्या भागाची. तो आडवा कापायचा आणि आत एक कप्पा आहे की दोन, ते बघायचं. सॅक्सिकोलेलात दोन, लेडरमानिएलात एक. मग बोंड: त्यावर उभ्या शिरा आहेत की ते गुळगुळीत आहे, उकलल्यावर दोन्ही झडपा सारख्या आहेत की एक लहान. लायोथायलॅक्स या प्रजातीच्या नावातच गुळगुळीतपणा आहे, कारण तिच्या बोंडाला शिरा नसतात. परागकण सुटे आहेत की जोडीजोडीने चिकटलेले, तेही सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. खोड, पान, मुळाचा आकार यांवर विसंबायची सोय कमी, कारण एकाच जातीचं रूप पाण्याचा वेग आणि खोली यांप्रमाणे बदलतं. स्वित्झर्लंडचे रुटिसहाउझर यांनी तर दाखवून दिलं की इथे मूळ कुठे संपतं, खोड कुठून सुरू होतं आणि पान कशाला म्हणायचं, ही रेघच पुसट आहे.

1943 च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात बर्लिनचा वनस्पतिसंग्रह जळाला. कुठल्याही जातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो मूळ नमुना. आफ्रिकेतल्या असंख्य वनस्पतींचे असे मूळ नमुने त्या आगीत गेले. ज्यांच्या प्रती दुसऱ्या शहरात होत्या ते वाचले. बाकीच्यांसाठी उरलं छापील वर्णन, कधी सोबत एखादं चित्र. शंभर वर्षांपूर्वीच्या चार ओळींवरून आजची कळी ताडून बघायची, हे काम किती कष्टाचं असेल याची कल्पना करावी.

युद्धानंतर पॅरिसच्या कोलेत क्युसे यांनी आफ्रिकेतल्या प्रजातींची एकेक करून फेरतपासणी केली. 1987 मध्ये कॅमेरूनच्या वनस्पतिकोशात त्यांनी लिहिलेला खंड आला आणि प्रत्यक्ष नदीत हाती धरता येईल असा ओळखतक्ता मिळाला. त्यांनी इन्व्हर्सोडिक्रीयाला लेडरमानिएलात विलीन केलं होतं. दोन्हींची फुलं उलटी आणि किंजपुट एककप्पी, म्हणून ते पटण्यासारखं होतं. फरक एवढाच की इन्व्हर्सोडिक्रीयाच्या खोडावर खवल्यांसारखी बारीक पानं असतात. 2009 मध्ये डीएनएच्या अभ्यासाने दाखवलं की त्या खवल्यांना खरंच अर्थ आहे. प्रजाती पुन्हा वेगळी झाली आणि 2017 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या मार्टिन चीक यांनी तिच्या 30 जाती मांडल्या. डीएनएने भिंगाला निवृत्त केलं असं इथे झालं नाही. उलट कुठली खूण धरायची आणि कुठली सोडायची, एवढंच त्याने सांगितलं. नदीकाठी बसलेल्या माणसाला आजही खवलेच शोधावे लागतात.

या जाती इतक्या वेगवेगळ्या का, हा प्रश्न जुना आहे. श्रीलंकेतल्या पेरादेनिया उद्यानाचे विलिस यांनी श्रीलंका आणि भारतातल्या जातींचा अभ्यास केला आणि 1914 मध्ये विचारलं: सगळ्यांचं जगणं एकाच प्रकारच्या खडकावर, एकाच प्रकारच्या पाण्यात, मग रूपांत एवढी विविधता नैसर्गिक निवडीतून आली कशी? त्यांचा निष्कर्ष आज कोणी तसाच स्वीकारत नाही, पण प्रश्नात दम होता. हे कुल आपल्याकडेही आहे. पश्चिम घाटातल्या नद्यांत 'ग्रिफिथेला' सापडते आणि 'डॅल्झेलिया' या प्रजातीचं नाव मुंबई इलाख्याचे वनाधिकारी डॅल्झेल यांच्यावरून आहे.

आफ्रिकेत अनेक जाती एकाच नदीच्या एकाच धबधब्यावरून ठाऊक आहेत. आणि धबधबा म्हणजे वीजनिर्मितीची जागा. त्यामुळे अलीकडे नवे शोध बऱ्याचदा धरणापूर्वीच्या पर्यावरण पाहणीतच लागतात. सिएरा लिओनमध्ये 2018 च्या जानेवारीत आया लेबी यांना सेवा नदीच्या खळाळात खांबांसारख्या आधारांवर उभी असलेली एक वनस्पती दिसली. कुठल्याच ज्ञात प्रजातीत ती बसेना, म्हणून 'लेबिया' ही नवी प्रजाती झाली. तिचं दुसरं ठिकाण शेजारच्या गिनीत सापडलं. धरणाची योजना तिथेही आखलेली आहे.