कणगीतला किडा कशाने मरतो?

शाळूची मळणी उरकली की माण-खटावकडे ठरलेलं काम: ज्वारी उन्हात कडक वाळवायची, कणगीत थराथराला कडुनिंबाचा पाला घालायचा, वरून राख पसरायची. वर्षभर धान्य टिकलं की कौतुक होतं पाल्याचं. मला हा राखेवर आणि उन्हावर अन्याय वाटतो. पाल्याने किडे थोडे बिचकतात, एवढंच. कडुनिंबातलं किडीला बाधणारं मुख्य द्रव्य पानांपेक्षा निंबोळीत कितीतरी जास्त असतं.

ज्वारीत पडणाऱ्या सोंडा या किड्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक चिकट द्रवाने बुजवून टाकते. वरून दाणा धडधाकट दिसतो. साधारण महिन्याभराने त्यातून नवा सोंडा बाहेर पडतो. या सगळ्या काळात त्याला पाणी मिळतं ते दाण्यातलंच. म्हणून ओलावा 12 टक्क्यांच्या आत आला की त्याची वाढ रेंगाळते, 9-10 टक्क्यांखाली तर वीण जवळजवळ थांबते. त्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, आतलं पाणी उडू नये म्हणून. राखेचे कण नेमका हाच थर खरवडतात आणि किडा तहानेने मरतो.

तूर-हरभऱ्यातला भुंगेरा निराळा. तो अंडी दाण्याच्या वरच चिकटवतो. कडधान्यावर पांढरे ठिपके दिसतात ते हेच. त्यामुळे इथे एरंडेलाचा हात लागू पडतो. तेलाने अंड्याचा श्वास कोंडतो.

श्वास कोंडण्याचं हेच काम सांगलीजवळच्या हरिपूरने फार मोठ्या प्रमाणावर केलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात हळद साठवायला जमिनीत पेवं खोदली गेली: तोंड अरुंद, पोट मोठं, खोली वीस-पंचवीस फूट. हळद भरून तोंड मातीने बंद केलं की आतले किडे आणि सूक्ष्मजीव उरलासुरला प्राणवायू वापरून संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो आणि किडे गुदमरतात. हळद शिजवलेली असल्याने ती स्वतः श्वास घेत नाही. ज्वारीचा दाणा जिवंत असतो, तो घेतो. पण जी हवा किड्याला मारते ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की काही तास तसंच ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. तो विझला तर कुणी उतरायचं नाही. 2005 च्या महापुरात यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, आणि पाण्यापुढे ही युक्ती चालत नाही.

शेंगदाण्याचं गणित आणखी कडक. त्यात निम्म्याच्या आसपास तेल, आणि तेलात पाणी मुरत नाही. असलेला ओलावा उरलेल्या भागात गोळा होतो. ज्वारीला चालणारा 12 टक्के ओलावा शेंगदाण्याला बुरशी आणतो, त्याला 7-8 टक्केच हवा. याच बुरशीतून यकृताला घातक अफ्लाटॉक्सिन तयार होतं. बुरसा आलेला दाणा भाजूनही ते पुरतं जात नाही, म्हणून तो जनावरांच्या पेंडीतही घालू नये.

ज्वारी वाळली का, हे दाताखाली फोडून कळतंच. खात्री हवी तर तव्यावर भाजून गार केलेलं मीठ कोरड्या काचेच्या बरणीत धान्याबरोबर घालून हलवा आणि पंधरा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. धान्य पुन्हा उन्हात टाका. चिकटलं नाही तरी एक-दोन उन्हं जास्तीची द्यावीत, कारण 12 आणि 15 मधला फरक मिठाला कळत नाही.