प्रमाणपत्राधारित क्लाउड प्रवेश

प्रमाणपत्राधारित क्लाउड प्रवेश : पासवर्ड किंवा कायमस्वरूपी ॲक्सेस की न ठेवता, एक्स.५०९ नमुन्याच्या डिजिटल प्रमाणपत्रावर ओळख पटवून क्लाउडमधील फाइल-साठा, डेटाबेस, सर्व्हर इत्यादींचा वापर करू देण्याची पद्धत. माणसांपेक्षा यंत्रांसाठी ती जास्त वापरली जाते. कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधला बॅकअप सर्व्हर किंवा कारखान्यातले उपकरण ही तिची नेहमीची गिऱ्हाइके. टेंडर भरताना यूएसबी टोकनमधले जे ‘डीएससी’ (डिजिटल सही प्रमाणपत्र) लावतात, तेही याच कुळातले. पण त्याचे काम माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार कायदेशीर सही करण्याचे आहे आणि ते परवानाधारक संस्थेकडूनच घ्यावे लागते. क्लाउडसाठीचे प्रमाणपत्र बहुधा कंपनी आपल्याच खासगी प्रमाणन यंत्रणेतून (सीए) काढते.

प्रमाणपत्रात धारकाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत आणि सीएची सही असते. ते कुणाच्या हाती लागले तरी बिघडत नाही, कारण जोडीची खासगी किल्ली धारकाच्या यंत्रातच राहते. यंत्र त्या किल्लीने विनंतीवर सही करते आणि पलीकडची सेवा सार्वजनिक किल्लीने ती पडताळते. गुपित वाटेवर जातच नाही, हा पासवर्डपेक्षा मोठा फायदा. एक्स.५०९ हे मानक १९८८ मध्ये आले, तेही एक्स.५०० या निर्देशिकेत (नावे-पत्त्यांच्या संगणकीय सूचीत) कोण शिरतो आहे हे ओळखण्यासाठी. इंटरनेटवरील वापराचे नियम आज आरएफसी ५२८० (२००८) या तांत्रिक दस्तऐवजात आहेत.

प्रमाणपत्र फक्त ‘कोण’ ते सांगते. ‘काय करू द्यायचे’ हे दुसरीकडे लिहिलेले असते. आधार दाखवल्याने माणूस तोच आहे एवढे कळते, धान्य मिळते ते शिधापत्रिकेत नाव असल्यामुळे. अधिकारही प्रमाणपत्रातच लिहावेत असा प्रयत्न झाला होता. त्यासाठी ‘ॲट्रिब्यूट सर्टिफिकेट’ हा वेगळा प्रकार आरएफसी ३२८१ (२००२) मध्ये मांडला गेला, पण तो फारसा रुजला नाही. अधिकार आठवड्यात दोनदा बदलू शकतात आणि सही केलेला कागद मुदत संपेपर्यंत तोच राहतो, हे पाहता त्यात नवल नाही.

क्लाउडच्या आधी ग्रिड संगणनात, म्हणजे दूरदूरचे संगणक जोडून एकत्र वापरण्यात, हीच वाट मळलेली होती. संशोधक आपल्या प्रमाणपत्रावरून काही तासांचे ‘प्रॉक्सी प्रमाणपत्र’ (आरएफसी ३८२०, २००४) काढून दूरच्या महासंगणकावर काम सोपवत. भारतातील ग्रिड वापरकर्त्यांसाठी पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘इंडियन ग्रिड सर्टिफिकेशन ऑथॉरिटी’ चालवली. ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या सर्व्हरांच्या सेवेत सुरुवातीच्या काळातही एसओएपी (संगणकांमधील संदेशांची एक पद्धत) विनंत्यांवर सही करण्यासाठी प्रमाणपत्र आणि खासगी किल्ली अशा दोन फाइली (पीईएम नमुन्याच्या) बाळगाव्या लागत.

आजचा ठळक नमुना म्हणजे जुलै २०२२ मध्ये आलेली ॲमेझॉनची ‘आयएएम रोल्स एनीव्हेअर’ ही सेवा. आपल्या सीएचे प्रमाणपत्र तिथे ‘ट्रस्ट अँकर’ (विश्वासाचे मूळ) म्हणून नोंदवायचे. क्लाउडबाहेरचा सर्व्हर आपले प्रमाणपत्र जोडून आणि विनंतीवर खासगी किल्लीने सही करून सत्र मागतो. प्रमाणपत्रावरील सह्यांची साखळी अँकरपर्यंत पोचली, तर त्याला एका ‘रोल’ची (ठरावीक अधिकार असलेल्या भूमिकेची) तात्पुरती ओळखपत्रे मिळतात, त्यांची मुदत, वेगळे काही न सांगितल्यास, एक तास. रोलच्या ट्रस्ट पॉलिसीत (तो रोल कुणाला मिळावा याच्या नियमांत) प्रमाणपत्रातील नावाची अट घालता येते. ही अट घालायची राहिली, तर त्या सीएने कुणालाही दिलेले प्रमाणपत्र तेवढ्याच हक्काने आत येते. छपाईयंत्राचे आणि पगाराच्या सर्व्हरचे सारखेच. म्हणून या पद्धतीत तपासणीची सुरुवात किल्लीच्या लांबीपासून न करता या अटीपासून करावी. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरमध्ये सीएची साखळी लागतेच असे नाही : ॲप्लिकेशनच्या नावावर प्रमाणपत्र चढवतात, ॲप्लिकेशन खासगी किल्लीने सही केलेला छोटा दाखला पाठवते आणि त्या बदल्यात टोकन (तात्पुरता प्रवेशपास) घेते.

अनेक सर्व्हरांवर (त्यांच्या समूहाला क्लस्टर म्हणतात) ॲप्लिकेशने चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीत ओळख आणि अधिकार एकमेकांच्या धोकादायक जवळ येतात. तिथे प्रमाणपत्रातील ‘कॉमन नेम’ हे वापरकर्त्याचे नाव आणि ‘ऑर्गनायझेशन’ हा त्याचा गट समजला जातो. गटाच्या जागी ‘सिस्टम:मास्टर्स’ असेल तर धारकाला सारे क्लस्टर मोकळे. आरबीएसीचे (भूमिकांनुसार अधिकार देण्याच्या व्यवस्थेचे) नियम कितीही कडक असोत, त्यांना विचारलेच जात नाही. शिवाय कुबरनेटिसचा एपीआय सर्व्हर (सगळ्या विनंत्या घेणारा भाग) रद्द प्रमाणपत्रांची यादी पाहत नाही. असे प्रमाणपत्र किल्लीसकट फुटले, तर मुदत संपण्याची वाट पाहणे किंवा अख्खा सीए बदलणे एवढेच हाती उरते. क्लस्टर उभारण्याच्या क्यूबएडीएम या साधनाने १.२९ आवृत्तीपासून रोजच्या ‘ॲडमिन’ फाइलमधून हा गट काढला आणि तो बाजूला ठेवण्याच्या ‘सुपर-ॲडमिन’ फाइलपुरता ठेवला. हे बरेच आधी व्हायला हवे होते.

रद्द करणे ही या पद्धतीची जुनी दुखरी नस आहे. सीएने यादी (सीआरएल) काढली तरी समोरची सेवा ती वाचते का, हा प्रश्न उरतो. रोल्स एनीव्हेअर स्वतःहून सीएकडे चौकशी करत नाही. यादी आपणच तिथे नेऊन भरावी लागते. त्यामुळे मुदतच आखूड ठेवण्याकडे कल वाढला आहे. सेवांना ओळख देण्याच्या स्पिफी या मानकावर चालणारी स्पायर प्रणाली सेवांना प्रमाणपत्र देते ते, वेगळे काही न सांगितल्यास, तासाभराचे, आणि त्याचे नूतनीकरणही तीच करते. एवढ्या अल्पायुषी प्रमाणपत्राला रद्द करण्याची गरज क्वचितच पडते.

आखूड मुदतीची किंमत नूतनीकरणात मोजावी लागते. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडले ते एका प्रमाणपत्राची मुदत उलटल्यामुळे. हल्लाबिल्ला काही नव्हता. तारखा माणसाने वहीत टिपून ठेवण्याचा काळ गेला. तसेच, वेबसाइटसाठी मिळणारे फुकटचे प्रमाणपत्र या कामाला जुंपण्याची सवयही सुटणार आहे : अशी प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट संस्थेने २०२५ मध्ये जाहीर केले की, ग्राहक-बाजूची (म्हणजे जोडणी मागणाऱ्या यंत्राची) ओळख पटवण्याचा वापर त्यांच्या प्रमाणपत्रांतून २०२६ मध्ये काढला जाईल. ज्यांची यंत्रे त्यावर विसंबून होती, त्यांना आता स्वतःचा खासगी सीए उभारावा लागेल आणि त्याच्या मूळ किल्लीची राखणही स्वतःच करावी लागेल.