वू आणि यी : प्राचीन चीनमधील धर्म आणि वैद्यक यांच्या नात्याची पार्श्वभूमी

चामखीळ घालवण्याचा एक चिनी उपाय असा आहे. महिन्याच्या अखेरच्या दिवशी, उन्हे कलल्यावर, कोंबडीच्या अंड्याएवढी मातीची ढेकळे घ्यावीत; पुरुष असेल तर सात, बाई असेल तर चौदा. ती घरामागे दक्षिणोत्तर ओळीत मांडावीत, ‘यूची पावले’ तीन वेळा टाकावीत आणि दक्षिणेच्या टोकापासून एकेक ढेकूळ उचलून, आज महिना संपतो आहे असे मोठ्याने म्हणत, ते चामखिळीवर घासावे. मग ढेकळे जागच्या जागी ठेवावीत आणि मागे वळून न पाहता निघून यावे. याच रोगाच्या नोंदीत आणखी एक उपाय आहे : जुन्या लव्हाळ्याच्या चटईचा पीळ करून त्याचे टोक पेटवावे, त्याने चामखिळीचा शेंडा भाजावा आणि ती तापली की उपटून काढावी.

हे दोन्ही उपाय १९७३ मध्ये हुनान प्रांतातील छांगशा शहरालगत, मावांगदुई येथील तिसऱ्या क्रमांकाच्या थडग्यातून निघालेल्या रेशमी हस्तलिखितात आहेत. हे थडगे इ.स.पू. १६८ मध्ये, म्हणजे हान घराण्याच्या आरंभीच्या काळात बंद झाले. हस्तलिखिताला आज ‘बावन्न रोगांवरील उपाय’ असे म्हणतात. हे नाव आधुनिक संपादकांनी दिलेले असून त्यात सुमारे २८० उपाय आहेत. वनस्पती, चरबी, राख, शेक, चीरफाड आणि मंत्र हे सारे त्यात एकाच रांगेत, एकाच शैलीत आणि ‘दुसरा उपाय’ एवढ्याच शब्दांनी वेगळे केलेले दिसते. महापूर आवरणाऱ्या पौराणिक यू राजाच्या लंगडत्या चालीची नक्कल करणारी पावले टाकणे आणि पेटत्या पिळाने डागणे यांत लिहिणाऱ्याने कोणतीही प्रतवारी लावलेली नाही. आपल्याकडे उतारा टाकून येणाऱ्यालाही मागे पाहण्याची बंदी असते हे मराठी वाचकाला लगेच आठवेल. अशा साम्यावरून दोन संस्कृतींमध्ये देवाणघेवाण झाली असे मानता येत नाही. मात्र ढेकळांचा उपाय आपल्याला वाटतो तितका अनोळखी नाही, हे त्यातून कळते.

या हस्तलिखितापासून सुरुवात करण्याचे कारण असे, की प्राचीन चिनी वैद्यकाविषयी जे सर्रास लिहिले जाते त्यात आधी जादूटोणा, मग निसर्गनियमांवर आधारलेले शास्त्र अशी एक सरळ रेषा ओढलेली असते. रेषेचे पहिले टोक अर्थातच खरे आहे. हनान प्रांतातील आन्यांग येथे सापडलेल्या, शांग घराण्याच्या काळातील कासवाच्या कवचांवर आणि बैलांच्या खांद्याच्या हाडांवर राजाच्या दुखण्यांविषयीचे कौल कोरलेले आहेत. इ.स.पू. १२०० च्या सुमारास राज्य करणाऱ्या एका राजाचा दात दुखत असताना, हे दुखणे नेमक्या कोणत्या मृत पूर्वजाने लावले आहे, असा प्रश्न नावानिशी विचारलेला आहे आणि त्या पूर्वजाला काय अर्पण करावे याचाही कौल घेतलेला आहे. १८९९ मध्ये या लेखांचे महत्त्व ओळखले जाण्यापूर्वी हीच हाडे ‘ड्रॅगनची हाडे’ म्हणून औषधी दुकानांना विकली जात होती.

रेषेचे दुसरे टोक मात्र जितके सांगितले जाते तितके पक्के नाही. जे पुरावे नेहमी दिले जातात ते मुळात वाचले की हे लक्षात येते. ‘झुओझुआन’ या प्राचीन इतिहासग्रंथात इ.स.पू. ५४१ ची एक नोंद आहे : जिन राज्याच्या आजारी अधिपतीला छिन राज्यातून आलेल्या वैद्याने सांगितले, की हे दुखणे भुतांचे नाही आणि अन्नाचेही नाही, अतिरिक्त विषयसेवनाचे आहे, आणि त्याने छाया, ऊन, वारा, पाऊस, अंधार आणि उजेड या सहा ‘ची’ंच्या (निसर्गातील शक्तींच्या) अतिरेकातून कोणते रोग होतात ते मांडले. हा उतारा प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. त्याच ग्रंथात चाळीस वर्षे आधीची, इ.स.पू. ५८१ ची, त्याच राज्याच्या आणखी एका अधिपतीची कथा आहे. तिचा मात्र अर्धाच भाग सांगितला जातो. जमिनीपर्यंत केस सोडलेले एक प्रचंड भूत दार फोडून आत शिरल्याचे स्वप्न त्याला पडले. त्याने एका वूला, म्हणजे देव-भुतांशी संबंधित विधी करणाऱ्या जाणत्याला, बोलावले. वूने स्वप्न अचूक सांगितले आणि यंदाचा नवा गहू तुमच्या मुखी लागणार नाही असे भाकीत केले. मग वैद्य बोलावण्यात आला. तो पोहोचण्यापूर्वी रोग दोन मुलांच्या रूपात स्वप्नात आला. आता वैद्य येतो आहे, तेव्हा हृदयाजवळच्या अशा जागी लपू की जिथे तो पोहोचणार नाही, असे ती मुले बोलत होती. वैद्याने तपासून तीच जागा सांगितली आणि उपाय नाही म्हणाला. अधिपतीने त्याला उत्तम वैद्य म्हणून भेटवस्तू देऊन निरोप दिला. पुढे नवा गहू आला, शिजवला गेला. अधिपतीने वूला बोलावून तो दाखवला आणि त्याला ठार केले. जेवायला बसणार तोच त्याचे पोट फुगले, तो शौचकूपाकडे गेला आणि त्यात पडून मेला.

या कथेतील स्वप्नाचा आणि वैद्याच्या निदानाचा भाग चिनी भाषेत वाक्प्रचार होऊन बसला आहे. असाध्य झालेल्या गोष्टीला आजही रोग त्या जागी शिरला असे म्हणतात. वूचा भाग गळतो. परंतु कथेत वू खोटा ठरलेला नाही, वैद्यही खोटा ठरलेला नाही. दोघांचे निदान खरे निघाले, एकाला भेट मिळाली आणि एकाचा जीव गेला. शिवाय वैद्याने रोगाची जी जागा सांगितली ती रोग्याच्या स्वप्नाशी जुळणारी आहे. येथे शास्त्राने श्रद्धेचा पराभव केला असे वाचण्याला मूळ मजकुरात आधार नाही.

या साऱ्या चर्चेत सर्वांत मोठा गुंता ‘वू’ या शब्दाचा आहे आणि तो नीट सोडवल्याशिवाय पुढे जाणे बरोबर होणार नाही. पाश्चात्त्य अभ्यासकांनी त्यासाठी ‘शामान’ हा शब्द रूढ केला. तो मुळात सायबेरियातील तुंगुस भाषांमधला आहे आणि त्यात आत्म्याने शरीराबाहेर प्रवास करणे ही कल्पना अंतर्भूत आहे. चिनी ग्रंथांतील वू मात्र नेहमी तसे करताना दिसत नाहीत. झोऊ घराण्याच्या राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ग्रंथात स्त्री आणि पुरुष वू हे दरबारी पदाधिकारी आहेत : दुष्काळात पावसासाठी नाचणे, राणीच्या सांत्वनभेटीत पुढे चालणे, रोगराई हटवण्याचे विधी करणे ही त्यांची नेमून दिलेली कामे. त्याच व्यवस्थेत वैद्य वेगळ्या विभागात बसतात. मराठीत या शब्दासाठी भगत किंवा देवऋषी लिहिण्याचा मोह होतो. पण भगताचे स्थान गावगाड्यात आणि वाडीवस्तीवर, तर वूचे स्थान काही शतके तरी राजदरबारात होते. मांत्रिक म्हटले तर त्यात फसवणुकीचा वास आधीच येतो. म्हणून हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

याच शब्दाला जोडून वैद्याच्या चिन्हाचा वाद आहे. वैद्य किंवा वैद्यक या अर्थाच्या ‘यी’ या चिन्हाची दोन रूपे मिळतात : एकात खालच्या भागात मद्याचे भांडे आहे, दुसऱ्यात त्याच जागी वू हे चिन्ह आहे. आधी वू होता, मग औषधी मद्य आले, म्हणजेच धर्म गेला आणि वैद्यक आले, असे या दोन रूपांवरून सर्रास सांगितले जाते. हे सांगणे आकर्षक आहे, पण इ.स. १०० मध्ये पूर्ण झालेल्या प्रसिद्ध शब्दकोशातील नोंद त्याला साथ देत नाही. ती नोंद मद्याचे रूप देते, मद्याने रोग बरे होतात असे स्पष्टीकरण करते आणि शेवटी म्हणते की प्राचीन काळी वैद्यक प्रथम सुरू केले ते फंग नावाच्या वूने. म्हणजे एकाच नोंदीत भांडेही आहे आणि वूही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात लिपी सोपी करण्यात आली तेव्हा या चिन्हाचा फक्त चौकट आणि बाण असलेला भाग उरला. भांडे गेले आणि वूचा प्रश्नच उरला नाही.

वूच्या विरोधातील धारदार वाक्येही अर्थातच आहेत. इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आरंभीच्या इतिहासग्रंथात बरे न होणाऱ्या सहा प्रकारच्या रोग्यांची यादी आहे आणि सहावा प्रकार वूवर विश्वास ठेवून वैद्यावर न ठेवणाऱ्याचा आहे. पुढे चिनी वैद्यकाचा आधारग्रंथ मानल्या गेलेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’मध्येही, जे भुताखेतांत अडकले आहेत त्यांच्याशी श्रेष्ठ गुणाविषयी बोलून उपयोग नाही, असे म्हटले आहे. पण त्याच ग्रंथात ‘झूयोउ’, म्हणजे प्रार्थनेने रोग हटवणे, या पद्धतीविषयी वेगळा सूर आहे. पूर्वी तेवढ्याने रोग बरे होत आणि आता औषधे नि सुया वापरूनही कधी होतात, कधी होत नाहीत, असे का, या प्रश्नाला उत्तर मिळते की पूर्वीची माणसे साधी राहत, आताची तशी राहत नाहीत. आणखी एका अध्यायात तर, पूर्वीच्या वूंना रोग कोठून उपजला हे ठाऊक असे, म्हणून ते प्रार्थनेने बरे करू शकत, असे स्पष्ट लिहिले आहे. ग्रंथकारांनी प्रार्थनेला खोटे म्हटलेले नाही, तिला भूतकाळात नेऊन ठेवले आहे. आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

ग्रंथांत भूतकाळात नेलेली ही गोष्ट व्यवहारात मात्र वर्तमानातच राहिली. इ.स.च्या दुसऱ्या शतकात, साथी आणि उपासमारीच्या काळात, सिच्वानकडे उभ्या राहिलेल्या ताओ पंथात रोग म्हणजे केलेल्या पापाचे फळ मानले जाई. रोग्याला शांत खोलीत बसवून आपले दोष आठवायला लावत आणि त्याच्या कबुलीच्या तीन प्रती करत : एक डोंगरावर ठेवायची, एक जमिनीत पुरायची, एक पाण्यात बुडवायची, म्हणजे आकाश, भूमी आणि जल या तिन्ही अधिकाऱ्यांकडे ती पोहोचेल. बौद्ध भिक्षूंबरोबर भारतातून चार महाभूते, त्यांच्या बिघाडाने होणारे ४०४ रोग आणि मोतिबिंदूवर सुईने करायचा उपचार हे चीनमध्ये गेले. सातव्या शतकातील, पुढे औषधांचा राजा म्हणून पुजल्या गेलेल्या वैद्याने या दोन्ही परंपरा आत्मसात केल्या आणि आपल्या ग्रंथात मंत्रोपचारांचे वेगळे खंडही ठेवले.

तांग दरबाराच्या वैद्यक कार्यालयात औषधोपचार, सुया आणि मर्दन यांच्या बरोबरीने मंत्रोपचार हा चौथा विभाग होता; त्याच्या विद्यार्थ्यांनी उग्र वासाच्या भाज्या आणि मांस वर्ज्य करून, शुचिर्भूत होऊन, वेदीवर ही विद्या घ्यायची असा नियम होता. मिंग काळात झूयोउ हा अधिकृत १३ शाखांपैकी एक होता आणि तो दरबारी यादीतून गळाला तो १५७१ मध्ये. म्हणजे वू आणि वैद्य यांची ताटातूट दोन हजार वर्षांपूर्वी झाली असे म्हणणाऱ्याला मधल्या सोळा शतकांचा हिशोब द्यावा लागतो.

आज आपण जे चिनी वैद्यक म्हणून ओळखतो त्याची घडण याहूनही अलीकडची आहे. फेब्रुवारी १९२९ मध्ये नानजिंग सरकारच्या आरोग्य समितीने जुन्या वैद्यकाची नोंदणी आणि शिक्षण संपवण्याचा ठराव केला. १७ मार्च रोजी देशभरातील वैद्य शांघायमध्ये जमले आणि ठराव बारगळला. पण अंधश्रद्धेचा आरोप लागू नये म्हणून स्वतःला शास्त्रीय ठरवण्याची गरज तेव्हापासून कायमची चिकटली. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ आणि छंगदू येथे सरकारी महाविद्यालये सुरू झाली आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत यिन-यांग आणि पंचतत्त्वे राहिली, भुते, प्रार्थना आणि कबुल्या राहिल्या नाहीत. परंपरेच्या अस्तित्वावरच घाला येत असताना घेतलेला हा निर्णय समजण्यासारखा आहे. त्याचा दुष्परिणाम असा झाला, की निवडून उरलेला भागच मूळ परंपरा म्हणून जगभर गेला आणि प्राचीन ग्रंथही त्याच चाळणीतून वाचले जाऊ लागले.

हिवतापावरील छिंगहाओ वनस्पतीचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. मे १९६७ मध्ये सुरू झालेल्या लष्करी संशोधन प्रकल्पात काम करणाऱ्या एका चिनी संशोधिकेला चौथ्या शतकातील हाताशी ठेवायच्या उपायांच्या एका पुस्तकात पुढील ओळ सापडली : छिंगहाओची एक मूठ दोन शंग (एक जुने चिनी माप) पाण्यात भिजवावी, पिळून रस काढावा आणि सगळा प्यावा. उकळायला सांगितलेले नाही, यावरून उष्णतेने गुण नाहीसा होत असावा असे तिने ताडले, कमी तापमानावर अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील औषध मिळाले. २०१५ मध्ये तिला नोबेल पारितोषिक मिळाले. ते पुस्तक लिहिणारा अमरत्वाच्या रसायनाच्या शोधात आयुष्य घालवलेला ताओपंथी होता. हिवतापाच्या त्याच प्रकरणात आणखी एक उपाय आहे : ताप भरण्यापूर्वी दक्षिणेकडे डोके करून निजावे आणि श्वास रोखून दोन्ही तळहात, दोन्ही तळपाय, छाती, कपाळ आणि जीभ अशा सात जागी ‘भूत’ हे अक्षर लिहावे.