रोडबेड (मॉडेल रेल्वे)

मॉडेल रेल्वेच्या मांडणीत रूळ आणि खालचा पाट यांच्यामध्ये अंथरलेला थर. खऱ्या लोहमार्गावरील खडीचा उंचवटा दाखवणे, रुळांना समतल आधार देणे आणि आवाज कमी करणे ही त्याची कामे. खालच्या प्लायवूडच्या किंवा फोमच्या पाटाला सबरोडबेड म्हणतात. पाटच डगमगता असेल तर वरच्या थराचा विचार व्यर्थ होय.

कॉर्क सर्वाधिक रूढ आहे. त्याची पट्टी मधोमध तिरकी चिरलेली असते. दोन भाग सुटे करून एक उलटा केला आणि सरळ कडा मध्यरेषेवर भिडवल्या, की दोन्ही बाजूंना उतार मिळतो. एचओ या मॉडेल प्रमाणात (१:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतक्या आकारात) जाडी सु. ५ मिमी. असते, म्हणजे प्रत्यक्षातील सु. ४३ सेंमी.; एन (१:१६०) प्रमाणात सु. ३ मिमी. कॉर्क खिळा धरत नाही. खिळा खालच्या प्लायवूडमध्ये शिरावा लागतो. तो जास्त ठोकल्यास स्लीपर (रुळांखालची आडवी पट्टी) मधोमध दबतो आणि गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, आखडते.

होमासोट हा कागदाच्या लगद्याचा दाबीव फळा. त्यात खिळा सहज शिरतो आणि घट्ट राहतो, म्हणून रूळ हाताने ठोकून बसवणाऱ्यांची त्याला पसंती असते. दमट हवेत तो फुगून रूळ वाकवतो काय, हा जुना वाद आहे. काहींच्या मते दोष त्याचाच. इतर जण तो लाकडी सांगाड्याला देतात. लाकूड हवामानानुसार, विशेषतः तंतूंच्या आडव्या दिशेने, फुगते व आक्रसते हे निश्चित असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही फळ्याच्या सर्व बाजू व कापलेल्या कडा रंगवून घेणे इष्ट.

आवाजाबाबतचे दावे सावधपणे घ्यावेत. फोमची मऊ पट्टी कंपने शोषते खरी. पण पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाने खडी चिकटवली, की सुकलेली कडक खडी रुळापासून पाटापर्यंत पूल बांधते आणि कंपने त्यावरून खाली उतरतात. खडीसाठी सुकल्यावरही लवचिक राहणारा लॅटेक्स चिकटद्रव वापरल्यास हा दोष कमी होतो. पाट फोमचा असल्यास खिळे निरुपयोगी. रूळ चिकटवूनच बसवावे लागतात.

यार्डात (गाड्या उभ्या करण्याच्या व जुळवण्याच्या जागी) मार्ग सखल दाखवण्यासाठी थर पातळ ठेवतात किंवा वगळतात. तेथे मुख्य मार्गावरून उतरताना कॉर्क सँडपेपरने हळूहळू निमुळता घासावा. अचानक पायरी राहिल्यास कपलिंग (डबे जोडणारा आकडा) सुटते.